श्रावणची अरबी आणि माझा फोन

आमच्या गावात माणूस फोनवर कधी मरत नाही. तो सिरीयस होतो. ‘तब्येत जास्त आहे, लवकर या,’ एवढंच सांगायचं. बाकीचं येणाऱ्याला दारातली गर्दी सांगते. पंच्याण्णव साली ब्रह्मपुरीच्या रस्त्याला मी एसटीडी बूथ टाकला आणि हे काम माझ्या गळ्यात पडलं. मी त्यात तरबेज झालो. आवाज जराही कापू न देता पन्नासेक मेलेल्या माणसांना मी सिरीयस केलं असेल. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

श्रावण माझा वर्गमित्र, पोचू ढिवराचा एकुलता एक मुलगा. घर तलावाच्या मासोळीवर चालणारं, पण हा तलावाकाठी दोन घटका बसेल तर शपथ. पायाला भिंगरी. त्यातून त्याला एक खोड होती: वाचता न येणारी पाटी दिसली की त्याचं डोकं फिरायचं. सिरोंच्याकडून येणाऱ्या ट्रकांवरची तेलुगू अक्षरं त्यानं ड्रायव्हरांच्या शिव्या खात खात शिकून घेतली होती.

बारावीनंतर तो आत्याकडे हैदराबादला गेला. आठव्या दिवशी त्याचा फोन.

“अमर, इथी दुकानाच्या पाट्या उजवीकडून लिहितेत बे. समोर दिसते अन् वाचता येत नाई. जीव खालीवर होऊन राह्यला.”

पाट्या उर्दूच्या होत्या. पण ही लिपी मूळची कुठली, असं कुणाला तरी त्यानं विचारलं आणि त्या उत्तराच्या मागे मागे हा पठ्ठ्या थेट विद्यापीठाच्या अरबी विभागात जाऊन उभा राहिला. खिडकीवरच्या कारकुनानं फॉर्म दोनदा परत केला, चुकून भरला असेल म्हणून. वर्गात अकरा जण. बाकी दहांच्या कानांवर लहानपणापासून अरबी पडलेली, हा एकटा अलिफपासून. पहिल्या वर्षी एका पेपरात आपटला. मग त्यांचे म्हातारे प्राध्यापक त्याला रोज वर्ग सुटल्यावर बसवून घ्यायला लागले.

गावात लोक हसले. “ढिवराचं पोरगं अन् अरबी? तलावातल्या मासोया का अरबी बोलतेत?” सुकलूकाका चारचौघांत विचारायचा. मीही हसलो. मी बाहेरून बी. ए. करत बूथवर माशा मारत होतो, आणि हा कुठल्या कुठे निघाला होता. त्या हसण्यात जळजळच जास्त होती.

पोचूकाका मात्र येईल त्याला सांगायचा, “माहा पोरगा उलटा लिहिते.” एका उन्हाळ्यात श्रावण आला तेव्हा काकानं तलावाच्या ओल्या चिखलात स्वतःचं नाव लिहून मागितलं. श्रावण काडी घेऊन उकिडवा बसला आणि अडला.

“बाबा, अरबीत ‘प’ नाई. अन् ‘च’ बी नाई.”

“मंग माहं नाव त्या लोकाईच्या तोंडात बसतच नाई काय?” काकाचा चेहरा एवढासा झाला. श्रावणनं ‘बोशू’ असं काहीतरी लिहून दिलं. काकानं त्या अक्षरांवर दोन दिवस कुणाला पाय ठेवू दिला नाही.

एम. ए. झाल्यावर श्रावणला हैदराबादच्याच एका मोठ्या दवाखान्यात दुभाष्याची नोकरी लागली. ओमान, येमेन, सुदानमधून पेशंट यायचे. सुरुवातीला त्याची पुस्तकी अरबी ऐकून ते हसत; पोटात कुठं दुखतं हे विचारतानाही तो प्रवचन देतोय असं त्यांना वाटायचं. सहा महिन्यांत त्यानं त्यांची घरातली बोली उचलली. सकाळी ऑपरेशनच्या दारात, दुपारी विमानतळावर, संध्याकाळी औषधांचे कागद अरबीत उतरवत. मस्कतच्या एका दवाखान्यानंही बोलावणं धाडलं. ज्याचा पाय घरात ठरत नव्हता, त्याला भाषेनं सगळीकडे पाय दिले.

आणि हैदराबादच्या त्या दवाखान्यातच त्यानं एक चूक केली.

येमेनचा एक म्हातारा तरण्या मुलाला घेऊन आला होता. मुलगा सकाळी अकराला गेला. डॉक्टर श्रावणला म्हणाले, बापाला सांग. श्रावण बाहेर आला. म्हातारा उठून उभा राहिला. आणि श्रावणच्या तोंडातून, अरबीतून, आमचं गाव बोललं: “तब्येत जास्त बिघडली आहे.”

जास्त बिघडली म्हणजे काय, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्या म्हाताऱ्याला ते कळायचं काही कारण नव्हतं. बिघडली म्हणजे बिघडली, अजून आहे! तो तसाच धावत लॉजवर गेला. एका तासानं परतला तो हातात बाटली घेऊन. मक्केहून आणलेलं पाणी त्यानं जपून ठेवलं होतं. “त्याचं तोंड उघड, मी दोन घोट पाजतो,” तो श्रावणला म्हणाला.

तेव्हा श्रावणनं खरं सांगितलं. म्हातारा ओरडला नाही, रडला नाही. एवढंच म्हणाला, “तो एक तास मी त्याच्याजवळ बसलो असतो. तू आमच्या मध्ये उभा राहिलास.”

हे त्यानं मला दिवाळीत सांगितलं, तलावाच्या पाळीवर, सारखा इकडून तिकडे फिरत. मी म्हटलं, बस ना जरा. बसला नाही.

“अमर, माह्या घरी काही झालं तं मले सिरीयस सांगू नको. सरळ सांग.”

“हो बे,” मी म्हणालो. हो म्हणायला काय जातं?

पुढच्याच वैशाखात, दोन हजार चार साली, पोचूकाका जाळं खांद्यावर घेऊन तलावाची पाळ उतरताना छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. सकाळचे दहा वाजले होते. अर्धं गाव माझ्या बूथपुढे गोळा झालं.

“सिरीयस म्हण,” सुकलूकाका म्हणाला. “पोरगं एकटं आहे, रातभऱ्याची गाडी आहे. उनाचे दिवस, माती तं आपण आजच करून टाकू.”

काऊंटरला धरून उभी असलेली वच्छलाकाकू, श्रावणची आई, नुसती मान हलवत होती. “त्याले रस्त्यात काही होईन रे बाबू.”

मी हैदराबादच्या दवाखान्याचा नंबर फिरवला. श्रावण लाईनवर आला. आणि नऊ वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडातून ते निघूनच गेलं.

“श्रावण, बाबा सिरीयस आहे. लवकर ये.”

मीटरचे लाल आकडे पळत होते. पलीकडून प्रश्न आला.

“जित्ता आहे का?”

सुकलूकाका हातानं खुणावत होता: हो म्हण, हो म्हण. मी काकूकडे पाहिलं, मग भिंतीकडे. पन्नास माणसं पचवलेला मी, मला एक ‘नाई’ जड झाला होता.

“अमर, मधी उभा नको राहू बे.”

“नाई,” मी म्हणालो. “गेला, श्रावण. दहा वाजता गेला.”

मागे काकूनं हंबरडा फोडला. सुकलूकाकानं मला आईवरून शिवी दिली. पलीकडून श्रावण म्हणाला, “मंग मी येईपावतर त्याले नेऊ नका. थांबा म्हणा. मले बसाचं आहे त्याच्यापाशी.”

आमच्याकडे वैशाखात मयत रात्रभर ठेवत नाहीत. थांबायचं नाही म्हणून सुकलूकाका आडवाच आला. पण काकू म्हणाली, माहा पोरगा येतो म्हणते, थांबा. मग मीच मोटारसायकल काढून ब्रह्मपुरीच्या मासळीबाजारात गेलो आणि भाड्याची जीप भरून बर्फाच्या लाद्या आणल्या. पोचूकाकानं जन्मभर मासोळी ज्या बर्फात ठेवली, त्याच बर्फात त्याला ठेवलं. शेवटी बर्फ वितळू नये म्हणून लाकडाच्या भुशाचं पोतं घेऊन आला तो सुकलूकाकाच.

श्रावण बल्लारपूरला गाडीतून उतरून दुसऱ्या दिवशी सकाळी गावात पोचला. हातात ना औषध, ना फळं, ना पाण्याची बाटली. दारातल्या गर्दीकडे त्यानं पाहिलंही नाही. आत गेला, ओल्या भुशात मांडी घालून बसला आणि बापाच्या गार पायावर हात ठेवला.

लोक म्हणाले, ऊन चढून राह्यलं, आता उचला. मी दारात आडवा झालो.

तो पूर्ण एक तास बसला. बालवाडीपासून ओळखतो मी त्याला, एका जागी बसलेला तेव्हाच पाहिला.