आप्पांचे डोळे आणि संजयचा कॅमेरा

कॅमेरा घेणं म्हणजे खरं तर एका रविवारचं काम. आमच्या बिल्डिंगमधल्या संजयला त्यासाठी दोन वर्षं लागली. छोटा डिजिटल होताच त्याच्याकडे; आता पुढचा घ्यायचा तर पुन्हा खिशात मावणारा, की गळ्यात अडकवायचा डीएसएलआर, एवढाच प्रश्न. पण मला दुसऱ्याच्या खरेदीत भारी रस, आणि आमच्या शांती नगरात जिन्यावर उभं राहिलं की किस्से आपोआप गोळा होतात.

*

त्या छोट्या कॅमेऱ्याची खोड अशी की बटण दाबल्यावर तो जरा विचार करायचा, मग फोटो काढायचा. तोवर समोरचं सगळं उरकलेलं असायचं. संजयच्या मुलीच्या, मुक्ताच्या, वाढदिवसाच्या एकाही फोटोत पेटलेली मेणबत्ती नाही, नुसता धूर. एकदा वहिनींनी मेणबत्त्या पुन्हा पेटवल्या, मुक्ताने पुन्हा फुंकल्या, पुन्हा धूरच आला.

पुढच्या वर्षी केक समोर येताच मुक्ताने शांतपणे विचारलं, "पप्पा, आधीच विझवून ठेवू का?"

*

दुसरी खोड फ्लॅशची. तो आधी बारीक लुकलुकायचा आणि मग खरा उडायचा. संजयचे वडील आप्पा पहिल्या लुकलुकीलाच डोळे मिटून मोकळे व्हायचे. लग्न, बारसं, गणपती, कुठलाही फोटो बघा, सगळे हसतायत आणि मधोमध आप्पा झोपलेत.

"एकदा दिवा लागला की मला वाटतं झालं काम," आप्पा म्हणायचे. त्यांना याचं काहीच वाटत नसे. संजयला मात्र फार वाटायचं.

*

त्याला कारण होतं. संजयच्या आई गेल्या तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा धड एक फोटो सापडेना. शेवटी मिळाला तो उत्तनच्या किनाऱ्यावरचा, त्याच छोट्या कॅमेऱ्यातला. आप्पा आणि आई शेजारी शेजारी बसलेत, उन्हाने आणि हसण्याने आप्पांचे डोळे मिटलेत, आणि आई कॅमेऱ्याकडे न बघता आप्पांकडे बघून खळखळून हसतायत. आप्पा तेव्हा काय बोलले होते, ते मी तीनदा विचारलं. सांगत नाहीत.

हार घालायच्या फोटोत जिवंत माणूस चालत नाही, म्हणून खाली झेरॉक्स आणि फोटोचं दुकान चालवणाऱ्या जिग्नेशभाईंनी कॉम्प्युटरवर आप्पांना कापलं. कडेला आप्पांच्या बुशशर्टची बाही तेवढी राहिली. तीही पुसून टाकू का, असं त्यांनी विचारलं, तर आप्पा राहू दे म्हणाले. एवढासा तुकडा मोठा केल्यावर चेहरा वाफ धरलेल्या काचेतून बघावा तसा पुसट आला. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो की या समोर का बघत नाहीत.

संजयने तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही. पुढची वेळ म्हणजे कोणाची, हे त्याने कोणालाच सांगितलं नाही.

*

मग जिग्नेशभाईंच्या दुकानात रोज चर्चा. ते छोट्याच्या बाजूचे. "संजयभाई, बडा कॅमेरा लोगे तो आप फोटोग्राफर बनोगे और घरवाले हमाल," असं त्यांचं मत. बॅग, लेन्स, चार्जर, पावसाळ्यात बुरशी, सगळं त्यांनी ऐकवलं. आणि मुळात फोटो कसले काढायचेत?

संजय गुळमुळीत बोलायला लागला. निसर्ग, मिठागरावरचे पक्षी वगैरे. कोपऱ्यातल्या स्टुलावर आप्पा पेपर वाचत बसले होते. पेपर खाली न करता म्हणाले, "पक्षी मीच आहे. माझ्या भिंतीवरच्या फोटोची तयारी चाललीय त्याची."

जिग्नेशभाई घाईघाईने झेरॉक्स मशीनमध्ये कागद भरायला लागले. मशीन आधीच भरलेलं होतं.

*

ट्रायल म्हणून संजयने ऑफिसातल्या मित्राचा डीएसएलआर एका रविवारी आणला. बिल्डिंगच्या अंगणात तो गळ्यात घालून उतरला, तर सगळे शाळेच्या ग्रुप फोटोसारखे ताठ उभे राहिले. तळमजल्यावरच्या काकू तर साडी बदलायला आत गेल्या.

संजयने सवयीप्रमाणे कॅमेरा हात लांब करून धरला आणि मागच्या स्क्रीनकडे बघितलं. स्क्रीन काळी. बॅटरी काढून घातली, कार्ड काढून घातलं, तरी काळीच. काकू नवी साडी नेसून आल्या तेव्हा कॅमेरा बिघडल्याचं जाहीर झालं होतं.

आप्पा मघापासून तो कॅमेरा उत्सुकतेने न्याहाळत होते. म्हणाले, "मग हे डोळा लावायचं भोक कशाला दिलंय?"

*

अखेर दिवाळीत संजयने डीएसएलआर घेतलाच. आप्पांना गॅलरीत सकाळच्या उजेडात बसवलं. फ्लॅश नाही, लुकलुक नाही, दाबलं की फोटो. आप्पांचे डोळे टक्क उघडे, भुवईचा केस न् केस मोजून घ्यावा असा. जिग्नेशभाईंनी मोठी प्रिंट काढली आणि आपला शब्द मागे घेतला. संजयचा जीव किती भांड्यात पडलाय ते दिसत होतं. मलाही त्याच्यासाठी बरं वाटलं.

आप्पांनी चष्मा लावून प्रिंट बराच वेळ पाहिली. आपला कान एवढा मोठा आहे हे कोणी कधी बोललं नाही, म्हणाले. मग प्रिंट संजयच्या हातात देत म्हणाले, "झकास आलाय. अल्बममध्ये ठेव. भिंतीवर मात्र माझा तो उत्तनचा लाव, तिच्या शेजारी. बाहीला बाही जुळवून."

संजयचा चेहराच उतरला. "आप्पा, अहो, तो पुसट येईल. आणि त्यात तुमचे डोळे मिटलेत."

"असू देत मिटलेले," आप्पा म्हणाले. "ती बघतेय ना."