खणात राहिलेला अर्ज

सेंट एलिझाबेथ परगण्याच्या लाल मातीतल्या एका शाळेत मर्डीना पार्चमेंट एकोणीस वर्षं समुपदेशक होती. मुलं तिला मिस म्हणत. नववीनंतर कुणी कोणते विषय घ्यायचे, कॉलेजसाठी कुणाचा अर्ज कुठे जायचा, सगळं तिच्या टेबलावरून जाई. हुशार मुलं विज्ञानाला, बोलकी मुलं कायद्याला आणि ज्यांचं काहीच व्हायचं नाही ती शेतकीला, अशी तिची सरळ वाटणी. उशिरा आलेल्यांना शाळेच्या शेतावर तण उपटायला पाठवायची प्रथाही तिचीच. शिक्षा म्हणून शेत दाखवायचं आणि वर शेतकीला चांगली मुलं येत नाहीत म्हणून हळहळायचं, हा शहाणपणा तिला कधी खटकला नाही. तिचे वडील जन्मभर कांद्याची पात पिकवत होते, हे शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच तर ती व्यापार सांगे.

जोडिअन मॉक्सम शाळेत पहिली आली आणि कृषिविज्ञानाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरून घेऊन आली. मिसचं शिफारसपत्र जोडून तो शाळेनंच पाठवायचा होता. नर्स हो, कॅनडाला जाशील, असं मिसने तिला महिनाभर समजावलं. पोरगी ऐकेना. मग मिसने अर्ज ठेवून घेतला, खणात टाकला आणि मुदत जाऊ दिली. तिच्याच भल्यासाठी, असं स्वतःला बजावलं.

मे महिन्यात जोडिअनचे वडील आले. दाराबाहेर बूट झटकून आत शिरले, पातीची मोठी जुडी टेबलावर ठेवली. पोरीसाठी एवढं केलंत म्हणून आभार मानले. शिष्यवृत्तीच्या यादीत तिचं नाव आलं नाही याचा त्यांना राग नव्हता.

"फक्त ती कुठं कमी पडली तेवढं सांगा, मिस. पुढल्या वर्षी भरून काढेल. चिवट आहे पोरगी."

खरं सांगायची हीच वेळ होती. मिसची जीभ रेटली नाही. ती म्हणाली, "इंग्रजी जरा कच्चं आहे."

सोमवारी मधल्या सुट्टीत जोडिअन वही घेऊन हजर. तिने निबंध लिहिला होता तो गिनी गवतावर. ते कापून वाफ्यांवर जाड अंथरलं की पाऊस नसतानाही कलिंगडं कशी तग धरतात, हे. शाळेत निघण्याआधी मिसनेही लहानपणी त्याच गवताचे भारे वाहिले होते. निबंधात एकही चूक नव्हती. तरी तिने लाल पेनाने दोन शब्द उगाच बदलले. दुसऱ्या दिवशी पोरीने ते दोन्ही शब्द वीस-वीसदा लिहून आणले.

ते पान बघून मिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने खण उघडला आणि अर्ज पोरीपुढे ठेवला.

"मी पाठवलाच नव्हता, जोडिअन. तू कुठंच कमी पडली नाहीस."

जोडिअनने अर्ज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळला. मग वही मिटत तिने विचारलं,

"म्हणजे माझं इंग्रजी बरं आहे ना, मिस?"