वाढत्या अंगाचा झगा

माझ्या आईला साक्ष द्यायला फार आवडायचं. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या घरी चार माणसं जमली की गाणी होतात, प्रार्थना होते आणि मग कुणीतरी उठून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगतं. आईची साक्ष एकच होती, आणि ती म्हणजे मी. मी चार वर्षांची असताना मला विषमज्वर झाला. नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा आई खाटेजवळ गुडघ्यावर बसून म्हणाली, "देवा, ही वाचली तर ही तुझी. तुझ्या सेवेला देईन." मी वाचले. तेव्हापासून नाताळ असो, कुणाचं लग्न असो, आई उठायची, ही हकिगत सांगायची आणि शेवटी माझ्या दंडाला धरून मला उभं करायची. मी पुरावा म्हणून उभी राहायचे. लोक हालेलूया म्हणायचे आणि मला एक लाडू जास्त मिळायचा. बारा वर्षांची होईपर्यंत या सगळ्यात मला लाडवापलीकडे काही दिसलं नव्हतं.

ते दिसलं बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात. वडील पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षक होते. त्या वर्षीचा ईस्टर आम्ही पारनेरला मावशीच्या घरी केला. रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी होत्या, रस्सा पातळ होता, पण माणसं भरपूर होती. त्यांत एक पाहुण्या बाई होत्या. नगरपासून दीड दिवसाच्या वाटेवर त्यांचं बोर्डिंग होतं. तिथं मुलींना सांभाळायचे, शास्त्र शिकवायचे आणि सेविका करून गावोगाव पाठवायचे. बाईंची साडी पांढरी, हातात पुरुषी घड्याळ आणि आवाज इतका मऊ की मला तेव्हाच भीती वाटली. आईनं साक्ष दिली, मी उभी राहिले, आणि हालेलूया संपल्यावर बाईंनी विचारलं, "मग कधी आणून देताय हिला?"

सगळे हसले. आई हसली नाही. म्हणाली, "मेच्या प्रार्थनेच्या कँपात बघू."

"दे की," मावशी भाकरी थापता थापता म्हणाली. "तिकडं दोन येळंला पोटभर तरी मिळंल पोरीला. हितं काय हाय?"

मावशीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मी हातातला घास ताटात परत ठेवला. उभं राहण्याचा लाडू मी आठ वर्षं खात आले होते आणि कुणी मला सांगितलंही नव्हतं की हे खरं आहे.

गावी परतल्यावर आईनं पेटीतून पांढरं, निळ्या फुलांचं कापड काढलं आणि शेजारच्या शिंपीणकाकूंच्या मशीनवर माझा झगा शिवायला घेतला. माप घेतलं, आणि मग प्रत्येक बाजूला चार-चार बोटं वाढवली. पवित्र शास्त्रात एक बाई आहे. तिनं देवाकडे मूल मागितलं आणि दूध तुटल्यावर ते देवळात नेऊन दिलं. दर वर्षी ती त्याला भेटायला जायची तेव्हा लहानसा झगा शिवून न्यायची. ही गोष्ट मला रविवारच्या शाळेत दहा वेळा शिकवली होती, आणि दहाही वेळा मला ती फार गोड वाटली होती. आता मशीनचा आवाज आला की मी उठून बाहेर जायचे.

"एवढा मोठा कशाला शिवतेस?" मी विचारलं.

"वाढत्या अंगाचा बरा असतो. हात वर कर."

"पण आपण कँपानंतर मामाकडे जाणार ना?"

तिच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून तिला बोलता आलं असतं. तिनं काढल्या नाहीत.

मामाकडे जायचं सगळं ठरलेलं होतं. मामा बेलापूरला राहायचा. चार दिवस कँप, मग शाळा उघडेपर्यंत बेलापूर. पाटाला पाणी सुटणार आहे, डबा पाठीला बांधून तुला पोहायला शिकवतो, असं मामानं पत्रात लिहिलं होतं. ते पत्र मी उशीखाली ठेवलं होतं. पण निघायच्या आदल्या दिवशी पाहिलं तर आईनं सगळ्यांचे कपडे ट्रंकेत भरले होते, आणि माझे तेवढे वेगळ्या पिशवीत. मी वडिलांकडे गेले. वडिलांना भूगोलापासून भुतांपर्यंत सगळ्याची उत्तरं यायची. ते म्हणाले, "आईला विचार." आमच्या घरात इतकं भित्रं उत्तर मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

कँप एका आंबराईत होता. पोती आणि जुनी लुगडी जोडून मांडव घातला होता. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये पेटी-तबला. पाण्याचा टँकर आला की उपासना अर्ध्यावर सोडून सगळे हंडे घेऊन पळायचे आणि परत येऊन तेच गाणं पुढे धरायचे. एरवी मला याचं किती हसू आलं असतं. पण पाहुण्या बाई पहिल्या ओळीत बसल्या होत्या आणि मागे वळून मला ओळखीचं हसत होत्या. मी देवाशी वादही घातला. माझं अक्षर वाईट, गणित त्याहून वाईट, माझा तुला काय उपयोग, असं त्याला सांगून पाहिलं. त्यानंही मला आईकडेच पाठवलं असतं, माझ्या वडिलांसारखंच.

चौथ्या दिवशी दुपारी समर्पणाची सभा होती. सकाळीच आईनं मला तो झगा घातला. खालचा काठ पोटऱ्यांपर्यंत येत होता. वेणी घालताना तिची बोटं गार होती, आणि बाहेर अंगाची लाही होत होती.

पाळकसाहेबांनी उपदेश केला आणि हाक दिली. ज्यांना स्वतःला, लेकरांना देवाच्या सेवेला द्यायचं आहे त्यांनी पुढे यावं. अशा वेळी गाण्याचं शेवटचं कडवं पुन्हा पुन्हा म्हणतात, माणसं पुढे येईपर्यंत थांबत नाहीत. एक तरुण पुढे गेला. एक म्हातारा गेला. कडवं पुन्हा सुरू झालं. पाळकसाहेब आमच्याकडे बघत होते. त्यांनीही आईची साक्ष अनेकदा ऐकली होती.

आई उठली. तिनं माझा हात धरला आणि मला उठवलं. आम्ही बायकांच्या मधून दोन पावलं टाकली. मी दुसऱ्या हातानं झगा वर धरला होता. पाहुण्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

आई थांबली. कडवं संपलं, पुन्हा सुरू झालं. तिनं माझा हात इतका आवळला की तिच्या बोटांचे वळ उठले. मग ती होती तिथंच खाली बसली, कुणाच्या तरी सतरंजीच्या कोपऱ्यावर, आणि मला ओढून मांडीवर घेतलं. बारा वर्षांच्या घोडीला. पुरुषांच्या बाजूला वडिलांनी मान खाली घातली. ती शरमेनं की सुटकेनं, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. कडवं आणखी दोनदा झालं, मग पेटी थांबली.

मी सुटले होते. बेलापूरच्या एस.टी.त मी खिडकीशी बसून गाणी म्हणत होते. आईच्या तोंडाकडे पाहायचं मला सुचलं नाही.

पाटाला पाणी होतं, मामानं डबाही आणला होता. पण आईनं मला पाटावर जाऊ दिलं नाही. विहिरीकडे नाही, चिंचेच्या झाडावर नाही, उसाच्या बैलगाडीवर तर नाहीच. माझा धाकटा भाऊ दिवसभर पाण्यात, आणि मी ओसरीवर तांदूळ निवडत. मी फार चिडले, तिला वाट्टेल ते बोलले. दुपारी झोपले की ती माझ्या नाकाशी बोट धरून बसायची. एकदा मी डोळे उघडले तर तिनं बोट पटकन मागे घेतलं, चोरी पकडल्यासारखं.

मग मला खरंच ताप आला. ऊन लागलं असणार. मामा वैद्याला आणायला गेला. आईनं कांद्याचा रस माझ्या तळपायांना चोळला, आणि चोळता चोळता ती पुटपुटत होती. "माझं चुकलं. मी बोलून बसले. माझ्यावर राग काढ, तिच्यावर नगं." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की आंबराईत मी जी भीती टाकून आले होते ती तिनं उचलून आणली होती.

मला तिची फार दया आली. मी म्हणाले, "आई, नको रडू. मी जाते त्या बाईंकडं. खरंच जाते."

तिनं कांद्याचा हात तसाच माझ्या तोंडावर दाबला. डोळे चुरचुरले, श्वास घेता येईना. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती कौलांकडे बघत होती, आणि बांधापलीकडच्या शेजाऱ्याशी बोलावं तशी घाईघाईनं म्हणाली, "तापात बोलतीय ती. लेकरू हाय. तिचं बोलणं धरू नगंस."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आईनं त्यानंतर साक्ष दिली नाही, कुठल्याही लग्नात नाही, नाताळात नाही. झग्याचा काठ मी वाढत गेले तसा तिनं उसवत नेला आणि तो झगा मी पुढची चार वर्षं घरीच घातला. माझे केस पिकले तरी, मी तिच्यासमोर शिंकले की ती आधी वर बघायची, मग माझ्याकडे.