परतीचं तेल

गाडी थांबवली की राव सार लगेच उतरत नसत. इंजिन चालूच ठेवून, डोळे मिटून, एक तळहात डॅशबोर्डवर टेकवून बसून राहत. चेन्नईत, नुंगंबाक्कममधल्या आमच्या गल्लीत नव्याने आलेल्या माणसाला वाटे, आत कुणीतरी दगावलंय. एकदा इस्त्रीवाल्या बाईने काच ठोठावून मामींना, सारांच्या बायकोला, हाका मारायला सुरुवात केली. सारांनी डोळे न उघडताच बोट ओठांवर ठेवलं. थोड्या वेळाने चावी फिरवून उतरले आणि मला म्हणाले, "ती आंत अजून फिरत होती, तंबी. एकदम तेल काढून घेतलें असतें, तर जळली असती."

ती म्हणजे टर्बो. इंजिनाच्या धुरावर फिरणारा आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा एक लहानसा पंखा. त्याचा दांडा भयंकर वेगाने फिरतो आणि फिरतो तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत; इंजिन बंद केलं की तेल थांबतं, तो मात्र काही वेळ फिरतच राहतो. सार मात्र ती जिवंत असल्यासारखं तिच्याविषयी बोलत.

मी सांगलीचा. श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि सारांच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला, तो खालून मराठी ऐकू आली म्हणूनच. तंजावरकडची जुनी मराठी होती ती, तमिळ हेलाची. मला ते धाकटा भाऊ म्हणून तंबी म्हणत, मी त्यांना तिथल्या रीतीने सार, म्हणजे सर. गाड्यांच्या चाचणी विभागातून ते निवृत्त झाले होते. हौसेने जुन्या गाडीला टर्बो बसवून घेणारी मंडळी सल्ल्याला येत आणि किती ताकद वाढेल ते विचारत. सार म्हणत, "ताकद असूं दे. तेल कोठून येतें, कोठें जातें, तें आधीं सांग." येणारं तेल दाबाने येतं, त्याची त्यांना फारशी काळजी नसे. काळजी परतीच्या तेलाची. ते आपल्या वजनाने खाली उतरतं; नळी रुंद हवी, सरळ हवी, कुठेही वाकता कामा नये. "त्याची वाट अडविली, तर तें दुसरी वाट शोधतें," हे सांगताना त्यांचा आवाज खाली येई.

ऐकण्याची त्यांची रीतही निराळी होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला. तसे उभे असले की हाक मारून उपयोग नसे. "हे तिकडे गेले," मामी म्हणत आणि आत निघून जात.

शहराच्या उत्तर टोकाला, एन्नोरला खाडीजवळ त्यांची पत्र्याची शेड होती. वीजकेंद्राची राख तिथे सगळ्यावर बसलेली असे. तिथे सारांची जुनी डिझेल जीप होती आणि रविवारी आम्ही दोघं तिला टर्बो बसवत होतो. मामींना त्याच जीपमधून तंजावरला न्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. सगळं जमलं, फक्त परतीच्या नळीच्या वाटेत चासीचा आडवा दांडा आला. सारांनी नळी वळवून घेतली. मी त्यांच्याकडे पाहिलं. "आज आवाज मात्र ऐकूं. मग सरळ करूं," ते म्हणाले. इतकी वर्षं इतरांना जे करू दिलं नाही, ते त्या दुपारी त्यांनी स्वतः केलं. नवा आवाज ऐकायची घाई झाली होती त्यांना.

इंजिन सुरू झालं, छान चाललं. सारांनी थोडा वेग द्यायला सांगितलं. मी दिला, मग पाय काढून घेतला, तरी वेग उतरेना. उलट चढू लागला. मी चावी काढून घेतली. चावी माझ्या हातात आणि जीप ओरडतेच आहे! शेड निळसर पांढऱ्या धुराने भरली, पत्रे थडथडू लागले. अडलेलं तेल टर्बोमधून हवेच्या नळीत शिरलं होतं. इंजिन आता डिझेलवर चालत नव्हतं, स्वतःचंच तेल पीत होतं.

मी बाहेर पळालो. सार पळाले नाहीत. धुरात, बॉनेटशेजारी, मान किंचित कलती करून ते उभे होते. कुणी नाजूक काही सांगत असावं तसे ऐकत होते. "सार! हवा बंद करा!" मी ओरडत राहिलो. शेवटी त्यांनी सावकाश वाकून प्लायवूडचा तुकडा उचलला आणि हवेच्या नळीच्या तोंडावर दाबून धरला. इंजिन घुसमटलं, हिसके देत थांबलं.

बाहेर खाडीवरचे कोळी जमले होते. मी म्हणालो, "थांबलं, सार."

"नाही," ते म्हणाले. "अजून चालूं आहे."

डॉक्टरांनी तपासलं. मोठ्या आवाजाने कान दुखावलेत, ही घरघर राहील काही दिवस, म्हणाले. ती गेली नाही. जेवताना सार मध्येच हात थांबवत: "आतां चढते आहे." एका दुपारी ते असं म्हणाले आणि मांडणीवरचे स्टीलचे लोटे बारीक आवाज करू लागले. मी खिडकीतून पाहिलं. गल्लीत एकही गाडी नव्हती. मामींनी जाऊन लोट्यांवर तळहात ठेवला; त्यांना ते सवयीचं झालं असावं.

पुढे सारांनीच मला शेडवर नेलं. टर्बो उघडला, तर दांडा जळून जागीच आवळलेला; बोटाने हलेना. सारांनी स्क्रूड्रायव्हर त्याला लावला, मूठ कानाला, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग मूठ माझ्यापुढे केली. "ऐक."

समुद्र असेल, वीजकेंद्र असेल, माझंच रक्त असेल. मला लांबून काहीतरी फिरताना ऐकू आलं. हळूहळू उतरत उतरत थांबलं. मी मान वर केली, तर सार हसत होते. "पोदुम," ते म्हणाले. पुरे. मी काही बोललो, त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांना ऐकूच आलं नव्हतं. त्या दिवसापासून घरघर गेली आणि तिच्याबरोबर बाकीचे सगळे आवाजही गेले.

मामी त्यांना तंजावरला घेऊन गेल्या. निघताना सारांनी माझ्या दोन्ही कानांवर आपले हात ठेवले. आशीर्वाद देत होते की झाकत होते, मला कळलं नाही.

सार गेल्याचा फोन मामींनीच केला. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत, त्रास काही झाला नाही. मग त्यांनी विचारलं, "तंबी, तुम्हांला तिकडे कसला आवाज येत नाहीं ना?"

"नाही, मामी," मी म्हणालो.

"मग इतक्या मोठ्यानें कां बोलतां?"