योगिनीच्या नेमातला एक दिवस

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी योगिनी कॉलेजसाठी आमच्याकडं बारामतीला राहते. कम्प्युटरचं इंजिनिअरिंग शिकते. म्हणजे नक्की काय शिकते, ते मला अजून धड सांगता येत नाही. शेजारच्या कुशाबाई विचारतात, "पोरगी काय करती गं दिसभर?" मी सांगते, "लिहिती." त्या म्हणतात, "लिहू दे की. पन लिहिताना एवढा राग कुनाचा येतो तिला?"

राग नसतो तो. स्वयंपाकघराच्या दाराशी वायफाय चांगलं येतं, म्हणून ती तिथंच खुर्ची टाकून बसते. मी चहा ठेवते. त्यावर साय धरते. मग ती न बघता बोटानं साय बाजूला करते आणि थंड चहा पिते. समोर काळ्या पडद्यावर अक्षरं. मधेच तांबडी ओळ येते, की ही त्या पडद्यालाच विचारते, "का पण?" अगदी घरातल्या मोठ्या माणसाला विचारावं तसं. खोडते, लिहिते, पुन्हा खोडते. एकदा तांबडं गेलं आणि सगळं नीट चाललं, तरी ती म्हणाली, "का पण?"

"आता काय झालं? बरोबर आलं न्हवं?"

"आलं की. पण का बरोबर आलं, तेच कळंना."

मी भाजी निवडत बसले.

इंदापूरच्या गाडीचं एक पान तिनं बनवायला घेतलं होतं. ते उघडलं की बारामतीच्या स्टँडवरून पुढची एसटी किती वाजता, ते दिसायला पाहिजे. पण त्यात निघून गेलेली गाडीसुद्धा दिसायची. मी विचारलं, "गेलेली गाडी कशाला दाखवती?" ती डोक्याला हात लावून म्हणाली, "तेच तर!"

गणपती झाल्यावर तिनं एक नेम धरला. ती त्याला चॅलेंज म्हणते, मी नेम म्हणते. पुण्याच्या एका कंपनीनं विद्यार्थ्यांसाठी काढलेला. महिनाभर रोज, एकही दिवस न चुकता, आज काय शिकलो ते आपल्या शब्दांत त्यांच्या पानावर लिहायचं. भाषा कुठलीही चालेल. ज्याचा खाडा पडणार नाही त्याला थेट मुलाखतीला बोलावणार आणि पुढं उन्हाळ्यात तिथंच कामाला घेऊन शिकवणार. योगिनी दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. कॉलेजात कंपन्या आल्या की इंग्रजीत बोलताना तिची जीभ टाळ्याला चिकटते. हे एक दार तिला असं दिसलं होतं, जिथं फक्त न चुकता जायचं होतं.

रोज संध्याकाळी माझी सांजवात झाली की ती लिहिलेलं मला वाचून दाखवायची आणि म्हणायची, "मावशी, ये, दाब." पहिल्या दिवशी शेवटचं बटण सहज माझ्या हातून दाबलं गेलं होतं. मग तोच पायंडा पडला. माझ्या उपासांना हसणारी पोरगी, पण माझं बोट लागल्याशिवाय तिचं लिखाण जायचं नाही. बटण दाबलं की वरचा आकडा एकानं वाढायचा, शेजारी हिरवी टिकली यायची.

महिना संपायला थोडेच दिवस राहिले होते. एका सकाळी बहिणीच्या दिराचा फोन आला. गेणू तात्या गेले. योगिनीच्या आजोबांचे सख्खे धाकटे भाऊ. तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे, पुढं वस्तीवर शेती करून राहिले. योगिनीला त्यांनीच खांद्यावर बसवून शाळेत सोडलेलं. भावकीतली एक जीप बारामतीहून त्यांच्या गावाकडं, निमगावला निघाली होती, तिच्यात ही होती तशी बसून गेली. लॅपटॉप उघडा, मोबाईल चार्जिंगलाच.

दिवेलागणीला तो मोबाईल थरथरला. वर अक्षरं आली, "आजचं लिखाण बाकी आहे."

मी वात हातात घेऊन तशीच उभी राहिले. तिच्या घरी सुतक. तिला कुठलं भान असणार? पण सुतक तिला, मला नाही. मी तिच्या आईची बहीण असले तरी माझं घर वेगळं. कुशाबाईंच्या घरी सुतक होतं तेव्हा त्यांच्या देवांची पूजा मीच केली होती, तुळशीपुढं दिवाही मीच लावला होता. नेम त्यांचा, हात माझा. कुणी म्हटलं नाही की हे चालायचं नाही. मग पोरीचा नेम मी का मोडू द्यायचा?

हातपाय धुतले आणि खुर्चीवर बसले. इंग्रजी अक्षर दाबलं की मराठी उमटतं, हे तिच्याकडून बघितलेलं होतं. एका बोटानं सुरू केलं. आमचे हे बाहेरून आले, बघत राहिले आणि म्हणाले, "आज भाकरी त्याच्यावरच थापणार का?"

"भात झालाय, आमटी हाय. घ्या वाढून."

पण लिहायचं काय? ती काय शिकली ते मला कुठं ठाऊक? म्हणून ती काय करते, ते लिहिलं. तिचा नेम, तिचं नाव, म्हणून "मी" असंच लिहिलं:

"आज मी इंदापूरच्या गाडीचं पान करत होते. त्यात गेलेली गाडी दिसते. का दिसते ते कळत नाही. मी चहा थंड करून पिते. तांबडी ओळ आली की मी का पण म्हणते. हिरवी आली तरी म्हणते. मी हुशार आहे, पण मला ते पटत नाही. मला काही येत नाही असं वाटलं की मी बाथरूममध्ये जाते, नळ सोडते आणि रडते. मग तोंड धुऊन पुन्हा बसते."

अजून थोडं लिहिलं, कारण खाली शब्द कमी पडले असं येत होतं. मग बटण दाबलं. आकडा वाढला, टिकली हिरवी झाली. मी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी ती आली. पुढच्या सकाळी तिचं प्रॅक्टिकल होतं, ते चुकवून चालणार नव्हतं, म्हणून तिच्या भावानं तिला दुपारच्या गाडीत बसवून दिलं. डोळे सुजलेले. पिशवी ठेवली आणि म्हणाली, "मावशी, तात्या गेले गं. आन् माझं ते पण तुटलं. गाडीत आठवलं मला."

पोरगी सुतकात म्हणून हसू नये, पण मला हसू आलं. "काय तुटलं न्हाय. बघ तरी."

तिनं लॅपटॉप उघडला. हिरवी टिकली बघून म्हणाली, "का पण?" मग वाचायला लागली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. आता हसंल, मग हसंल. ती हसली नाही.

"हे तुला कसं ठाऊक?"

"काय?"

"नळाचं."

"अगं, नळ चालू असतो आन् बादलीचा आवाज येत न्हाय. पाणी नुसतं फरशीवर पडतं. कळतं की."

तिनं लॅपटॉप मिटला. पुन्हा उघडला. "सगळ्यांनी वाचलंय मावशी." खाली तिच्या वर्गातल्या पोरांनी हसरी तोंडं टाकली होती. विशाल म्हणून कुणी आहे, त्यानं लिहिलं होतं, "मॅडम, नळ बंद करा, उन्हाळ्यात टँकर लागतो."

मी तिला सुतकाचं समजावून सांगितलं. ती ऐकत होती की नाही, कुणास ठाऊक.

"देवाला चालत असंल मावशी. ह्या कंपनीला न्हाय चालत. स्वतः लिहायचं असं नियमात हाय."

"देवाच्या नेमात पण स्वतःच करायचं असतंय. अडचणीला दुसऱ्यानं केलेलं चालतं."

ती पुन्हा लॅपटॉपकडं वळली. मला वाटलं मी जिंकले. मग वाटलं, जिंकायचं काय होतं त्यात?

तिची मैत्रीण सोनल हिचा फोन आला. योगिनीनं तो स्पीकरवरच ठेवला. सोनल म्हणाली, "तू गप बस. आकडा चालू आहे ना? मुलाखत होऊ दे."

"मग ते नळाचं मीच लिहिलं असं होतंय ना."

"मग होऊ दे! नाहीतर सांग मावशीनं लिहिलं म्हणून. नळ पण जाईल, आकडा पण जाईल. तूच बघ आता."

म्हणजे असं होतं. गप राहिली तर दार उघडं, पण पोरं जन्मभर नळ-नळ करणार. खरं सांगितलं तर लाज वाचेल, पण दार बंद. मी तिच्यासाठी दिवा लावायला गेले, आणि हे काय होऊन बसलं?

यांना विचारलं. हे म्हणाले, "आपल्या नावावर दुसऱ्याचा ऊस कारखान्याला गेला, तर वजन आपल्या खात्याला पडतं. पण ऊस काय आपला न्हाय."

"मग तिनं करायचं काय?"

"ते मला काय ठाऊक? मी उसाचं सांगितलं."

मी योगिनीला म्हणाले, "मीच त्यांना लिहिते, चूक माझी म्हणून." ती पटकन म्हणाली, "तू आता काहीबी लिहू नको." मग माझ्याकडं बघून हळूच, "तसं न्हाय गं."

संध्याकाळी तिनं लिहायला घेतलं. देवघराकडं ती फिरकत नव्हती, सुतक होतं. मी सांजवात केली आणि दाराशी आले. ती वाचायला लागली:

"कालचं मी लिहिलेलं नाही. माझे चुलत आजोबा गेले आणि मी गावी होते. आमच्याकडं सुतक असलं की दुसऱ्या घरचं माणूस येऊन देवापुढं दिवा लावतं. तसं माझ्या मावशीनं माझ्या नावानं लिहिलं. तो दिवस मोजू नका. पण तिनं लिहिलंय ते खरं आहे. नळाचंसुद्धा. आज मी हे शिकले, की माझं पान उघडतानाच एकदा घड्याळ बघायचं आणि मग तीच वेळ धरून बसायचं. म्हणून त्याला गेलेली गाडी अजून यायची आहे असं वाटायचं."

"अगं, नळाचं कशाला? ते माझ्यावर ढकलता आलं असतं की."

"आलं असतं," ती म्हणाली. "ये, दाब."

"नको बाई. माझं बोट लागलं की ते माझं होतंय."

"दाबणं तुझं, लिहिणं माझं. ये."

मी दाबलं. सुतकात असं केलेलं चालतं का, हेही मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजातून आली, तेव्हा कंपनीचं उत्तर आलं होतं. आजोबांबद्दल वाईट वाटलं, सांगितलंत हे चांगलं केलंत, पण तो दिवस काढावा लागेल, नियम सगळ्यांना सारखा. पुढच्या तुकडीत पहिल्यापासून या. वरचा मोठा आकडा गेला होता. तिथं नुसता एकचा आकडा होता, तिच्या कालच्या लिखाणाचा.

तिनं दोनदा वाचलं. "का पण" म्हणाली नाही.

"वाईट वाटलं?"

"व्हय."

"मग सांगितलंस कशाला?"

"ठाऊक न्हाय मावशी."

चहा समोर होता, साय धरलेली. ती तशीच उठली आणि बाथरूममध्ये गेली. नळ सुटला. मी चुलीपाशी उलथनं धरून उभी. पाणी फरशीवर पडत होतं, बादलीचा आवाज नव्हता. मनात म्हटलं, देवा, हे मीच ओढवलं का? की मी काही केलं नसतं तरी तिचा आकडा गेलाच असता?

तेवढ्यात आतून हाक आली, "मावशी, बादली कुठाय गं?"

बादली मी सकाळी तुळशीला पाणी घालायला अंगणात नेली होती, ती तिथंच राहिलेली. पळत जाऊन आणली. दाराच्या फटीतून तिनं हात बाहेर काढला आणि घेतली. तोंड दिसलं नाही. मग बादली भरायचा आवाज यायला लागला, आणि मी तिचा चहा गरम करायला ठेवला.