‘खोली भरली’ म्हणणाऱ्या अनसूयाकाकू

अनसूयाकाकूंना फोनवरच्या दोन वाक्यांत समोरच्याचं घर कळतं, असं धारवाडातली आमची अख्खी माळमड्डी मानते. काकू तर मानतातच. हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत त्यांनी जन्मभर मराठी शिकवलं. आता इथं घरामागची खोली कॉलेजच्या मुलींना भाड्याने देतात, आणि निवड फोनवरच होते. “नुसतं ‘हॅलो’ म्हणू दे गं, पुढचं मी सांगत्ये!” हे मी त्यांच्यासमोर त्यांच्याच नाकातल्या आवाजात म्हणून दाखवते, तेव्हा सगळ्यात मोठ्याने त्याच हसतात.

त्यांची भाची भार्गवीअक्का मानसशास्त्रात संशोधन करते. माणसाबद्दलचं आपलं मत कशावरनं बनतं, हा तिचा विषय. त्यासाठी तिने माझे दोन आवाज रेकॉर्ड केले. मजकूर एकच : शिकते, खोली हवी, भाडं वेळेवर देईन. एकदा पुस्तकातल्यासारखं स्वच्छ, आणि एकदा इथल्या अळणावर गावाकडच्या पोरींसारखं : “मी कॉलेजात शिकतो ओ. खोली पायजे होती. भाडं टायमाला देतो की!” मध्ये इतरांचे आवाज घालून अक्काने ते बऱ्याच घरमालकांना ऐकवले. काकूही हौसेने कानाला हेडफोन लावून बसल्या.

पहिल्या आवाजाला म्हणाल्या, “चांगल्या घरची. डोळे मिटून किल्ली द्यावी.”

दुसऱ्याला, “अय्यय्य! ही भाडं बुडवणार. वर भिंतीला तेलाचे हात पुसणार.”

सगळं संपल्यावर अक्का म्हणाली, “मावशी, हे दोन्ही आवाज आपल्या दीपश्रीचे.”

“हौदा? खरंच की काय? कर्म माझं!” काकू डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. “कर बघू परत!”

मला काय, निमित्तच हवं असतं. अळणावरचा आवाज काढून मी पदरचंही घातलं, “भरली काय ओ खोली? बरं बरं. असू दे. ठेवतो मग.”

काकूंचं हसू थांबलं.

“अश्शीच बोलली ती,” त्या म्हणाल्या. “रोहिणी म्हणून. गेल्या महिन्यात. रोज अळणावरहून बसने येते, घरी पोचायला अंधार होतो म्हणाली. मी म्हटलं, खोली भरली.”

खोली तेव्हाही रिकामी होती. अजून कुलूपच आहे.

“मावशी, सगळेच असं करतात गं. तेच तर मी...”

“सगळ्यांचं सांगू नकोस. वर्गातसुद्धा असल्या बोलीच्या पोरींना मी कधी वक्तृत्व स्पर्धेला उभं केलं नाही. पडदा ओढायला ठेवायचे. आणि त्या ओढायच्या गं, हसत!”

मग काकूंनी मोबाईलमध्ये नंबर शोधला आणि माझ्यापुढे धरला. “दीपे, तूच बोल. माझ्या आवाजात. सांग, खोली आजच रिकामी झाली.”

असली संधी! मी आवाज नाकात चढवला, नंबर लावला, स्पीकर सुरू केला. पलीकडून “हॅलो, कोण ओ?” आलं आणि मी तोंड उघडणार, इतक्यात काकूंनी फोन ओढून घेतला.

“रोहिणी, मी धारवाडची अनसूया. तुला खोली भरली म्हटलं होतं ना, ती भरलेली नव्हती. खोटं बोलले मी. चुकलं माझं.”

पलीकडून बसची घरघर येत होती.

“तुम्ही कुठल्या ओ, मावशी? मी लई जणांस्नी फोन केलता. सगळे भरली म्हणूनच सांगितले.”

“माळमड्डीची. मागच्या अंगाची खोली, वेगळं दार.”

“ध्यानात न्हाई ओ. आता हॉस्टेलात नाव लागलंय माझं, सोमवारी जातो. असू दे की.”

फोन बंद झाला. काकू म्हणाल्या, “रागावलीसुद्धा नाही. कुणावर म्हणून रागवेल?”

कुणाचा आवाज काढावा, मला सुचेना. अक्का हळूच म्हणाली, “मावशी, माझ्या अभ्यासातून तुझी उत्तरं काढून टाकू? नको असतील तर काढता येतात.”

“नको. मी त्या सगळ्यांतलीच. राहू दे तिथंच.”