ओसेझुआनं बापाला धुऊ दिलं नाही

ओसेझुआ मेला ते बरं झालं, असं म्हणणारे गावात अजून आहेत. त्याची बहीण ओमोन्झेले त्यांच्याच दुकानातून मीठ-मिरची आणते. करणार काय.

लासा तापाच्या मागं फिरणं हे त्याचं काम. उंदराच्या मुतातून येतो तो ताप, मग माणसाचा माणसाला लागतो, मढ्याचाही. कुणी मेलं की हा सरकारी माणूस दारात. उशाशी कोण होतं, उलटी कुणी पुसली, मढं कुणी धुतलं, विचारत बसायचा. मग त्या सगळ्यांचा ताप रोज बघायचा. रस्त्याकडेला वाळत घातलेली गारी, म्हणजे कसाव्याच्या कंदाचा रवा, बायांना उचलायला लावायचा, उंदीर तोंड घालतात म्हणून.

"आला बघा उंदरांचा जावई!"

"सासुरवाडी तुमच्याच घरात आहे ना, मावशी," तो हसायचा.

मग बापच आजारी पडला. ताप, नाकातून रक्त. रक्त तपासायला पाठवलं, निकालाआधीच म्हातारा गेला. ओमोन्झेलेनं पाणी तापवलं. या गावच्या एसान जमातीत थोरल्या पोरानं बापाला धुऊन पुरलं, तरच बापाचं घर त्याचं. नाहीतर तो पोरगाच नव्हे.

ओसेझुआनं पाणी ओतून दिलं.

"अरे, बाप आहे तुझा, उंदीर नाही," एबोसेले काका ओरडले.

"निकाल येईपर्यंत थांबा, काका."

"मढं थांबतं होय?"

"मग पिशवीतनं जाईल."

तशीच गेली म्हाताऱ्याची माती. ओमोन्झेले पाय धरायला धावली, तर यानं तिचे हात पिरगाळून धरले.

मग फोन आला. लासा नव्हताच.

"दादा, गप बस," ओमोन्झेले म्हणाली. "होता म्हण. कोण विचारायला जातंय?"

"खोटं बोललो तर उद्या माझं कोण ऐकेल?"

आणि गेला सांगायला. काका थुंकले. "म्हणजे फुकटच फेकलास बापाला." धाकट्या भावानं मढ्याऐवजी बापाचा सदरा धुऊन पुरला, रीतीप्रमाणं कोलाच्या बिया वाटल्या, घर त्याचं झालं. दादाचं सामान रस्त्यावर.

पुढं दुसऱ्या गावात माणसं तपासता तपासता त्यालाच लासा झाला. खरा. मेला. ओमोन्झेले काकांकडं गेली, बापाशेजारी वीतभर जागा द्या म्हणाली. काका जेवत होते.

"आधी निकाल येऊ दे," ते म्हणाले, आणि पुढचा घास घेतला.

दवाखान्यानंच पुरला त्याला, कुठंतरी मागच्या बाजूला.